फ्रिज धरून म्हटलेलं आमेन

सात महिने मी माझ्या सख्ख्या भावाशी एक शब्द बोलले नाही. आणि त्याच सात महिन्यांत मी जेवढी प्रार्थना केली, तेवढी उभ्या जन्मात केली नव्हती. सकाळी, दुपारी, जिन्यात, लिफ्टमध्ये, ट्रक रिव्हर्स घेताना. आमच्या चर्चच्या मंडळीत तर भक्तीचं उदाहरण म्हणून मला सगळ्यांसमोर उभं केलं. आता खरं काय ते सांगूनच टाकते, कारण खोटं कौतुक मला पचत नाही आणि खरं कोणी करत नाही.

आमचा धंदा घरं हलवायचा. म्हणजे घर जागच्या जागीच राहतं, आतलं सगळं आम्ही उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतो. पप्पांनी सुरू केला आणि ते गेल्यावर माझ्या गळ्यात पडला. ट्रक मी चालवते. उचलायला मी आणि माझा धाकटा भाऊ. त्याला घरात टिल्लू म्हणतात. लहानपणी टीचभर होता तेव्हा पडलेलं नाव आहे. आता सहा फूट दोन इंच आहे आणि प्रत्येक दारातून वाकून जातो, पण नाव बदलायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. फोनवर आई बसते. कोणाचं सामान, कितवा मजला, लिफ्ट चालू आहे की नुसती शोभेची, हे सगळं ती वहीत लिहून घेते.

पप्पांनी एक रीत घालून दिली होती. पहिली वस्तू उचलायच्या आधी प्रार्थना, आणि शेवटची वस्तू नव्या घरात टेकवली की पुन्हा प्रार्थना. घर बदलणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा आलेला असतो, म्हणायचे, त्याच्यासाठी दोन शब्द बोलायला आपलं काय जातं? त्यांची प्रार्थना खरंच दोन शब्दांची असायची. "प्रभू, सांभाळ. आमेन. चला, उचला!"

आईचाही एक नियम होता. प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं नाही. काहीही होवो, आमेन होईपर्यंत तोंडाला कुलूप. लहानपणी एकदा दूध उतू गेलं, तर आम्ही चौघंही डोळे मिटून करपल्याचा वास घेत बसलो होतो. पप्पा नेमके त्याच दिवशी रंगात आले होते.

आता भांडणाचं सांगते. तिसरा मजला, तीन दारांचं कपाट, जिन्याचं वळण. मी वरच्या बाजूला, टिल्लू खालच्या. वळणावर मी थांब म्हणाले (असं माझं म्हणणं) आणि हा थांबला नाही, वळला. कपाट भिंत आणि कठडा यांच्यामध्ये असं काही रुतलं की ना वर, ना खाली. अडीच तास! वरच्या मजल्यांवरची सगळी बिऱ्हाडं अडकली. एक गृहस्थ अर्धी दाढी करून ब्लेड आणायला खाली निघाले होते, ते कपाटामागून अर्ध्याच दाढीने आमच्याकडे बघत उभे राहिले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सगळ्यांसमोर ओरडले, "देव डोकं वाटत होता तेव्हा हा कुठे उलथला होता कोण जाणे!"

टिल्लू कधी उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलला. "वजन नेहमी माझ्याकडे, ताई. तुझ्याकडे नुसता आवाज."

अर्ध्या दाढीवाले गृहस्थ हसले. तो दाढीवाला हसला नसता तर मी एखादवेळेस ऐकून घेतलंही असतं. पण हसला मेला. मी म्हणाले, "ह्यापुढे माझ्याशी बोलायचं नाही." टिल्लू म्हणाला, "नाही बोलणार." आणि संपलं.

आईने दोघांना समोर बसवून समजावलं, दटावलं, शेवटी हात टेकले. "नका बोलू," म्हणाली. "पण धंदा बंद पडता कामा नये, आणि सकाळची प्रार्थना चुकता कामा नये."

टिल्लू बायकोबरोबर मागच्या गल्लीत राहायचा, पण सकाळी कामाआधी आमच्याकडेच यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं टेबलाभोवती डोळे मिटून बसलो. पाळी टिल्लूची होती.

"हे स्वर्गीय बापा," तो म्हणाला, "या नव्या दिवसासाठी तुझे आभार. आणि प्रभू, तुला तर सगळंच ठाऊक आहे. ट्रकचं मागचं डावं चाक कालपासून बसलंय. ज्यांच्या हाती स्टिअरिंग आहे, त्यांचे डोळे तू उघड. आमेन."

माझे डोळे मिटलेले होते, पण कानांतून वाफ निघायची बाकी होती. त्याचं आमेन व्हायचा अवकाश, मी सुरू केलं. "हे दयाळू प्रभू, ज्यांना कालच चाक दिसलं आणि तरी जे मूग गिळून बसले, त्यांना क्षमा कर. आणि जॅक त्यांनी कुठे टाकलाय, ते त्यांना आठवू दे. आमेन."

"प्रभू, जॅक सीटखाली आहे. आमेन."

आईने एक डोळा उघडून आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. पण नियम तिचाच होता, बोलणार काय? उठून चहा ठेवायला गेली.

तर अशी आमची सोय झाली. बोलत नव्हतो, पण काम काही अडत नव्हतं. मला त्याला काही सांगायचं असलं की मी "हे प्रभू" म्हणायचे, तो लगेच डोकं खाली घालायचा आणि शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा. एरवी माझं पहिलं वाक्य संपायच्या आत त्याचं लक्ष उडायचं. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला मजाच वाटली. सोफा खाली नेताना, "हे प्रभू, तू त्याला जरा डावीकडे घे, नाहीतर हा माझा अंगठा घेऊन जाईल, आमेन." खालून टिल्लू, "प्रभू, अंगठा तिने आधीच काढून घेतला असता तर बरं झालं असतं, पण तुझी इच्छा. आमेन."

गिऱ्हाइकांना आतलं काय माहीत? त्यांना दिसायचं एवढंच की ही दोन माणसं पायरीपायरीला देवाचं नाव घेतायत. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची ती भलीमोठी झुकती खुर्ची आम्ही दोन मजले उतरवली. त्या मागून डोळे पुसत उतरल्या. म्हणाल्या, "अहो, मी देवाबिवाला मानत नाही, पण तुमच्यासारखी श्रद्धा पाहिली की वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं." मी पुढे बघून मान हलवली. नुकतंच मी देवाला सांगितलं होतं की याला बुटाच्या नाड्या बांधायची बुद्धी दे.

आईकडे फोन वाढले. लोक म्हणायचे, "ते प्रार्थनावाले आहेत ना, तेच पाठवा." एका निवृत्त मास्तरांनी तर सामान हललं तरी आम्हाला सोडलं नाही. त्यांच्या निवडुंगासाठी वेगळी प्रार्थना करून घेतली. टिल्लूने केली. "प्रभू, काटे असले तरी आतून ओलावा असणाऱ्यांना तू जप," असं काहीसं म्हणाला. मी मुद्दाम त्याच्याकडे बघितलं नाही. उगाच आपल्याबद्दल बोलतोय असं वाटायचं, आणि निघायचा तो निवडुंगच.

हे आमच्या पाळकसाहेबांच्या कानावर जायचंच होतं. एका रविवारी उपासनेत त्यांनी आम्हा दोघांना पुढे बोलावलं. "आपण सगळे रोजची प्रार्थना विसरतो," ते म्हणाले. "पण या भावाबहिणीकडे पाहा! ओझं उचलता उचलता प्रार्थना! या दोघांनी आज आपल्याला साक्ष द्यावी, आणि प्रार्थनेत पुढाकार घ्यावा."

माझी बोबडीच वळली. पहिल्या बाकावर आई पर्स मांडीवर आवळून बसली होती. टिल्लूने घसा साफ केला.

"प्रभू," तो म्हणाला, "आम्हा सर्वांचा अहंकार मोड. विशेषतः ट्रक मागे घेताना जी माणसं कोणाचंच ऐकत नाहीत, त्यांचा."

"आमेन!" अख्खी मंडळी गरजली.

आता मी गप्प बसते की काय? "प्रभू, आळस दूर कर," मी म्हणाले. "मालकाची पाठ वळली की जे त्याच्याच गाद्यांवर आडवे होतात, त्यांना जागं कर."

"हालेलुया!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं.

"प्रभू, ज्यांची जीभ धारेची आहे..."

"प्रभू, ज्यांचे कान जाड आहेत..."

पाळकसाहेबांनी रुमाल काढला. "किती प्रामाणिक पापकबुली," ते म्हणाले. आईने मान वर केली नाही. घरी येईपर्यंत ती दोघांशीही बोलली नाही, आणि तिच्याकडे तर प्रार्थनेची सबबही नव्हती.

हे असंच चाललं असतं. मला तर ते बरंच वाटू लागलं होतं, देव मध्ये होता, अंतर ठीक होतं. पण मग तो फ्रिजचा दिवस आला.

चौथ्या मजल्यावरून दोन दारांचा फ्रिज उतरवत होतो. मी वर, टिल्लू खाली, पट्टे खांद्यांवर. दुसऱ्या मजल्यावर आलो, तो खालून आवाज आला.

"हे स्वर्गीय बापा."

मला वाटलं, दम घ्यायचा असेल. मी पाय रोवले आणि डोकं खाली घातलं.

"तुझे आभार, की माझ्या बायकोला तू नव्या हॉस्पिटलमध्ये जागा दिलीस." त्याची बायको नर्स आहे. शांत, समजूतदार, आमच्या घरात चुकून आल्यासारखी. "आणि तिथल्याच सामानाच्या कोठारात तू मलाही काम दिलंस. पुढच्या महिन्यात आम्ही इथलं आवरून तिकडे जातोय, प्रभू. चार तासांचा रस्ता आहे, रोज येणंजाणं व्हायचं नाही. नव्याने सुरुवात करतोय. ती तू सुखाची कर. आणि इथे मागे जे राहतील, त्यांना... त्यांना सांभाळ. आमेन."

"आमेन," मी म्हणाले.

शपथेवर सांगते, तोंडातून निघून गेलं! जन्मापासूनची सवय. कोणी प्रार्थना संपवली की माझं आमेन आपोआप बाहेर पडतं, त्याला माझी परवानगी लागत नाही. कान ऐकत होते, हात फ्रिज धरून होते, आणि तोंडाने परस्पर कारभार करून टाकला. मग अर्थ डोक्यात शिरला. टिल्लू चालला. कायमचा. आणि मी त्याला काय म्हणाले? तसंच होवो.

थोडा वेळ फ्रिज जागचा हलला नाही. मग फ्रिज एक पायरी खाली गेला. आम्ही तो ट्रकपर्यंत नेला, टेकवला, दोरीने बांधला. टिल्लूने गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. त्याचा चेहरा मला दिसला नाही, त्याने दिसू दिला नाही.

घरी येऊन मी आईवर तुटून पडले. "तुला माहीत होतं?"

"पंधरा दिवसांपासून," ती म्हणाली. ती बटाटे सोलत होती.

"मग मला सांगायला काय धाड भरली होती?"

"तो म्हणाला, ताईला मी सांगतो. त्याने सांगितलं ना? मग तू काय म्हणालीस?"

मी खुर्चीत बसले. "आमेन."

आईच्या हातातली सुरी थांबली. "अगं, देवा! आमेन म्हणालीस?"

"सवयीने गं!"

"तो गेले दोन तास तिकडे बायकोसमोर तोंड पाडून बसलाय. तिचा फोन आला होता. म्हणतो, ताई सुटले म्हणाली." आईने सुरी खाली ठेवली. "उठ. जा आणि बोल त्याच्याशी."

"मी का म्हणून? तो बोलू दे आधी."

मग आई जे बोलली ते मला अजून टोचतं. "सहा महिने तुम्ही देवाला पोस्टमन करून ठेवलंय. बिचारा तुमची पत्रं इकडून तिकडे पोचवतोय. एकानेही कधी त्याला घरात बसवून विचारलं नाही, बाबा, तुझं काय म्हणणं आहे? पप्पा दोन शब्द बोलायचे, पण ते त्याच्याशीच बोलायचे. तू शेवटचं कधी बोललीस?"

उरलेला महिना मी रोज ठरवायचे की आज बोलायचं, आणि रोज जीभ टाळ्याला चिकटायची. टिल्लूची प्रार्थनाही आटली. "प्रभू, उजवीकडे. आमेन." एवढीच. तो शनिवारी जाणार होता, आणि मला दिसत होतं की एक धड शब्द न बोलता आम्ही एकमेकांना गमावणार. ते थांबवायचं तर तीन शब्द पुरे होते: टिल्लू, माझं चुकलं. न्हाणीघरात बादलीसमोर मी ते दहादा म्हणून पाहिले. बादलीसमोर छान जमायचे.

शनिवारी त्याचं सामान भरलं. दुसरा कोण नेणार? बायको दोन दिवस आधीच जाऊन कामावर रुजू झाली होती. आईने फाटकापाशी त्याला जवळ घेतलं, रडली, त्याचे गाल पुसले, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने ट्रकमध्ये चढले.

चार तास शेजारी शेजारी. शहर मागे पडल्यावर मी हिंमत केली. "हे प्रभू..." टिल्लूने झटकन मान खाली घातली. माझे तीन शब्द दातांपर्यंत आले. "...त्याला काच वर करायला सांग, वारा लागतोय. आमेन." त्याने काच वर केली.

तासाभराने पुन्हा. "हे प्रभू..." मान खाली. "...पुढे डावीकडे वळायचं की सरळ?" "सरळ, प्रभू," टिल्लू म्हणाला.

मग त्याने सुरू केलं. "हे प्रभू..." माझा जीव कानांत गोळा झाला. "...कुठे चहा मिळाला तर बरं होईल." चहा मिळाला. आम्ही दोन खुर्च्यांवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत तो प्यायलो. माणसं इतकी मूर्ख कशी असू शकतात, असं भिंतीलाही वाटलं असेल.

नवं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खोके गेले, गाद्या गेल्या, शेवटी कपाट. मी न बोलता खालच्या बाजूला जाऊन उभी राहिले. म्हटलं, तोंडाने जमत नाही तर पाठीने माफी मागू. टिल्लूने बघितलं आणि तो वर गेला. पाच पायऱ्यांत माझे डोळे पांढरे झाले. देवा रे, हा माणूस एवढी वर्षं हे उचलतोय! सहाव्या पायरीवर कपाट माझ्याकडे कलायला लागलं तेव्हा वरून घाबरलेला आवाज आला, "हे प्रभू, हिला वर पाठव! म्हणजे जिन्यात वर! वरच्या बाजूला, प्रभू, तुझ्याकडे नाही!"

मी हसले असते, पण श्वासच नव्हता. कसंबसं कपाट आत नेलं आणि पहिली रिकामी जागा दिसली तिथे टेकवलं.

आता शेवटची प्रार्थना राहिली होती. नव्या घरासाठी. ती वयाने मोठं असेल त्याने करायची असते, म्हणजे मीच. दोघं खोलीच्या मधोमध उभे राहिलो. मी डोळे मिटले.

"हे स्वर्गीय बापा, या नव्या घरासाठी तुझे आभार," मी म्हणाले. पुढचं सगळं पाठ होतं, शेकडो घरांत म्हटलेलं. पण ती लोकांची घरं होती. मी डोळे उघडले. टिल्लू मान खाली घालून उभा होता, पट्टा अजून खांद्यावर, माझं काय यायचं ते ऐकून घ्यायला तयार. टोमणा येईल अशीच त्याची खात्री होती. त्याने आधीच खांदे आखडून घेतले होते.

"प्रभू," मी म्हणाले, "तू जरा बाहेर जाऊन थांब. मला याच्याशी बोलायचंय."

टिल्लूने खाडकन डोळे उघडले. "ताई! असं म्हणतात का देवाला?"

सात महिन्यांतलं त्याचं पहिलं वाक्य, आणि तेही मला रागावणारं.

"तू प्रार्थनेत मध्ये बोललास," मी म्हणाले.

"तू देवाला खोलीबाहेर काढलंस!"

"मग काय करू? तो मध्ये असला की मला खरं बोलता येत नाही!" मला रडायलाच आलं. "टिल्लू, त्या दिवशी वळणावर मी थांब म्हणालेच नव्हते. त्या अर्ध्या दाढीवाल्याकडे बघत राहिले आणि मनातल्या मनात म्हणाले. कपाट अडकलं तेव्हाच मला कळलं होतं. पण तोवर मी ओरडून बसले होते. माझं चुकलं."

टिल्लूने पट्टा काढून खाली टाकला. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू थांब म्हणाली नव्हतीस. मी कान लावून उभा होतो ना."

"मग तेव्हाच का नाही बोललास, गाढवा?"

"तू बोलत होतीस," तो म्हणाला.

मी खाली बसले, सरळ फरशीवर. "आणि ते आमेन, ते मी म्हटलं नाही रे. शिंक यावी तसं आलं ते. मला काय तू जायला हवा होतास?"

तोही बसला, एका खोक्यावर. आतून काहीतरी कचकन फुटलं, पण दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही. सहा फुटी माणूस, आणि चेहरा पाच वर्षांच्या पोराचा. "मी फ्रिज धरून वाट बघत होतो, ताई. म्हटलं, आता तरी चिडून म्हणेल, जाऊ नकोस."

"जाऊ नकोस."

"आता? सगळं सामान दोन मजले वर आणल्यावर?"

मी हसायला लागले, तोही, आणि मग आम्ही दोघंही असे काही रडलो की शेजारच्या दारातून एका बाईंनी डोकावून पाणी हवं का विचारलं. "बरं, जा," मी शेवटी नाक पुसत म्हणाले. "तुझ्या बायकोची चांगली नोकरी आहे, तुझी पाठ जरा सुटेल, जा. पण माझ्या आमेनवर जाऊ नकोस. ते मी परत घेतलंय."

मग सात महिन्यांची थकबाकी निघाली. त्या रिकाम्या खोलीत आम्ही अर्धा तास तोंडाला तोंड देऊन भांडलो. जॅक कोणी हरवला, बुटाच्या नाड्या, गाद्यांवरची झोप, माझं रिव्हर्स घेणं. एकदाही देवाला मध्ये घेतलं नाही. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

भावजय ड्यूटीवरून आली. आम्हा दोघांचे सुजलेले डोळे तिने पाहिले आणि तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. मग चारी बाजूंना बघून म्हणाली, "ताई, न्हाणीघराचं दार कुठे आहे हो?"

दार कपाटाच्या मागे होतं. पुन्हा दोघांनी ते कपाट उचललं. "डावीकडे," मी म्हणाले. "थांब!" आणि तो थांबला.

ऊन कलायच्या आत मला निघायचं होतं. टिल्लू खाली ट्रकपर्यंत आला, आरशाची धूळ बाहीने पुसली, "रिव्हर्स घेताना मागे बघ," म्हणाला. मी बघितलं. तो वळणापर्यंत हात हलवत उभा होता.

मोठ्या रस्त्याला लागले आणि एकदम आठवलं. घराची प्रार्थना राहूनच गेली! मी देवाचे आभार मानले होते, त्याला बाहेर काढलं होतं आणि तसंच सोडून आले होते. आजवर एकाही गिऱ्हाइकाचं घर मी प्रार्थनेवाचून सोडलं नव्हतं, आणि सोडलं ते नेमकं आपल्याच माणसाचं. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

"हे स्वर्गीय बापा," मी मोठ्याने सुरू केलं आणि सवयीने तिरक्या नजरेने शेजारी बघितलं. सीट रिकामी होती. ऐकून घ्यायला कोणी नव्हतं, म्हणजे ज्याचं नाव घेतलं होतं तोच तेवढा होता. मी एकदम ओशाळले. सात महिने ज्याच्या तोंडासमोर सारखी बडबड केली, त्याला आज पहिल्यांदा हाक मारत होते. आता याच्याशी बोलायचं काय? कुठून सुरू करायचं तेही सुचेना, म्हणून अगदी अनोळखी माणसाशी करतात तशी पहिल्यापासून सुरुवात केली.

"प्रभू, मी बोलतेय," मी म्हणाले. "ट्रकवाली. टिल्लूची ताई. या वेळी निरोप वगैरे काही नाही, तुझ्याशीच काम आहे. त्याचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडक्या पश्चिमेला आहेत, एका खोक्यातलं काहीतरी फुटलंय. तिथे त्यांना सुखाने राहू दे. त्याला तिथे करमू दे. मला इथे नाही करमलं तरी चालेल."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मग वाटलं, आजच ओळख करून घेतली आणि आजच खोटं बोलले, हे काही बरं नाही.

"नाही, चालणार नाही," मी म्हणाले. "मलाही करमू दे." आणि गाडी सुरू केली.